पेरणी साधली, पेरणी उलटली: अनिश्चिततेतल्या नियोजनाचं गणित

मृगाचा एक पाऊस धो धो येऊन गेलाय. वरची चार बोटं माती ओली आहे, खालचं ढेकूळ फोडलं तर अजून धूळ निघते. शेजारच्या वावरात ट्रॅक्टर पेरणीयंत्र घेऊन उतरलाय. आपण पेरायचं की थांबायचं? विदर्भातल्या कोरडवाहू कास्तकाराला दर जूनमध्ये पडणारा हा प्रश्न निर्णयांच्या गणितात, आणि पुढे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संशोधनात, जवळपास सात दशकं याच रूपात सोडवला जातोय. केलेल्या कामाचं फळ नक्की नाही, जगाची खरी स्थिती पूर्ण दिसत नाही, आणि तरी आज निर्णय घ्यायचाच आहे.

यंत्राने नियोजन करण्याचा जुना मार्ग सरळ होता. १९७१ साली फाइक्स आणि निल्सन यांनी कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये स्ट्रिप्स नावाची पद्धत मांडली. शेकी नावाच्या चाकांवर फिरणाऱ्या रोबोसाठी ती होती. प्रत्येक कृतीला आधीची अट आणि नंतरचा परिणाम लिहायचा, मग यंत्र कृतींची माळ ओवून ध्येयापर्यंत पोचतं. यात गृहीत धरलेलं असतं की कृतीचा परिणाम ठरलेला आहे, आपण हात लावल्याशिवाय जग हलत नाही, आणि सगळं डोळ्यासमोर आहे. वावरात यातलं एकही खरं नाही. 'पेर, मग डवर, मग फवार, मग सोंग' ही यादी पहिल्याच उघाडीत मोडते.

म्हणून यादीच्या जागी जर-तरचा पूर्ण तक्ता लागतो: अमुक आठवडा आणि अमुक ओल असेल तर हे, नाहीतर ते. या तक्त्याला धोरण, पॉलिसी म्हणतात. तो काढायचं गणित रिचर्ड बेलमनने १९५७ मध्ये मांडलं, त्याला मार्कोव्ह निर्णयप्रक्रिया किंवा एमडीपी म्हणतात. त्यासाठी स्थिती, कृती, एका स्थितीतून दुसरीत जाण्याची शक्यता आणि प्रत्येक टप्प्यावरचा नफा-तोटा, एवढा माल लागतो. मग हिशेब शेवटापासून मागे करत यायचा.

एक एकर सोयाबीन घेऊ. खालचे सगळे आकडे उदाहरणासाठी धरलेले आहेत, आपापल्या जमिनीचे घालून पाहावेत. पहिल्या आठवड्यात पेरून पेरणी साधली तर हाती २०,००० रुपये, दुसऱ्यात १९,०००, तिसऱ्यात १७,०००, चौथ्यात १३,०००. चौथा आठवडाही गेला तर दुसरं काही घेऊन ६,०००. पेरणी उलटली की बियाणं, खत आणि ट्रॅक्टर मिळून ७,००० गेले, वर दोन आठवडेही गेले, कारण उगवण फसली हे कळायलाच आठ-दहा दिवस लागतात. ओल दोनच प्रकारची धरू: वरवरची आणि पुरती. कृषी विभाग ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका म्हणतो, ती पुरती. पुरत्या ओलीत पेरणी साधण्याची शक्यता ०.९, वरवरच्या ओलीत ०.५५. थांबलं तर वरवरची ओल पुढच्या आठवड्यात पुरती होण्याची शक्यता ०.६. पुरती ओल पुरतीच राहण्याची ०.७. उलटल्यानंतर दोन आठवड्यांनी पुरती ओल मिळण्याची शक्यताही ०.६ धरू.

आता मागून. चौथा आठवडा आणि पुरती ओल:

पेरलं तर ०.९ × १३,००० + ०.१ × (६,००० − ७,०००) = ११,६००. थांबलं तर ६,०००. पेरा.

चौथा आठवडा, वरवरची ओल:

पेरलं तर ०.५५ × १३,००० + ०.४५ × (−१,०००) = ६,७००. थांबलं तर ६,०००. पेरा.

तिसरा आठवडा, वरवरची ओल:

पेरलं तर ०.५५ × १७,००० + ०.४५ × (−१,०००) = ८,९००. थांबलं तर ०.६ × ११,६०० + ०.४ × ६,७०० = ९,६४०. थांबा.

असंच मागे सरकत गेलं की दुसऱ्या आठवड्यात वरवरच्या ओलीवर पेरण्याचे ११,६३८ आणि थांबण्याचे १२,९७६ येतात. पहिल्यात पेरण्याचे १३,६८९, थांबण्याचे १५,६०९. पुरती ओल असेल तर कुठल्याही आठवड्यात पेरणंच वरचढ. तक्ता तयार झाला: पहिले तीन आठवडे वरवरच्या ओलीवर हात आवरा, चौथ्यात पेरून टाका. '७५ मिलिमीटरशिवाय पेरू नका' हा नियम या गणितातून आपोआप बाहेर पडतो, आणि तो कुठवर चालतो हेही कळतं. थांबण्याचा फायदा पहिल्या आठवड्यात १,९२० रुपये, दुसऱ्यात १,३३८, तिसऱ्यात ७४०, आणि चौथ्यात तो उलटा होतो.

या हिशेबात सगळ्यात नाजूक आकडा ७,००० चा आहे. घरचं बियाणं असेल, पेरणी बैलजोडीवर तिफणीने असेल आणि उलटण्याचा खर्च ३,००० वर आला तर दुसऱ्या आठवड्यातच निकाल बदलतो: पेरण्याचे १३,८७०, थांबण्याचे १३,६४०. तिसऱ्यातही पेरणंच पुढे. पहिल्यात मात्र अजूनही थांबाच. एकाच गावात, एकाच पावसावर, एकाने पेरलं आणि दुसऱ्याने थांबलं तर दोघंही बरोबर असू शकतात. पारावर यावरून जे वाद होतात त्यातले अर्धे बियाण्याच्या किमतीवरून होत असतात, नाव मात्र पावसाचं घेतलं जातं.

आता संशोधनातली एक मजेदार गोष्ट. २००४ साली आंतरराष्ट्रीय नियोजन स्पर्धेत पहिल्यांदा शक्यतांवर आधारलेल्या नियोजनाचा विभाग आला. तो एफएफ-रिप्लॅन नावाच्या प्रणालीने जिंकला, जिने शक्यतांचा हिशेब जवळपास केलाच नव्हता. यून, फर्न आणि गिव्हन यांची ही प्रणाली प्रत्येक कृतीचा सगळ्यात संभाव्य परिणाम तेवढा खरा धरायची, निश्चित जगातली योजना झटपट काढायची, आणि काही वेगळं घडलं की नव्याने योजना करायची. दरवेळी नवी योजना करणं स्वस्त असेल तर ही युक्ती उत्तम चालते.

तीच आपल्या वावरात आणा. वरवरच्या ओलीत साधण्याची शक्यता ०.५५, उलटण्याची ०.४५, म्हणजे जास्त संभाव्य काय, तर साधणं. मग पहिल्या आठवड्यात पेरलं की २०,००० नक्की. थांबलं तर जास्त संभाव्य म्हणजे पुढच्या आठवड्यात पुरती ओल, म्हणजे १९,०००. प्रणाली पेरायला सांगते. उलटलं की तिसऱ्या आठवड्यात पुन्हा तोच विचार, पुन्हा पेरणी. या वागण्याची खरी सरासरी १३,५५६ येते, योग्य धोरणाची १५,६०९. एकरी दोन हजारांवर खड्डा, आणि प्रत्येक पायरीवर निर्णय शहाणाच दिसतो. २००७ मध्ये लिटल आणि थिबो यांनी नेमकं यावर बोट ठेवलं: परत फिरता न येणाऱ्या वाटा असतील तिथे 'घडेल तसं पाहू' फसतं. जमिनीत गेलेलं बियाणं परत पोत्यात येत नाही. शेतीत अशा वाटा पावलोपावली आहेत, म्हणून स्पर्धा जिंकलेली युक्ती म्हणून ती शेतीच्या ॲपमध्ये ढकलणं मला धोक्याचं वाटतं.

इथवर आपण ओल दिसते असं धरलं. फावड्याने वीतभर खणलं की ती बऱ्यापैकी दिसतेही. पण सप्टेंबर-ऑक्टोबरात पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, बोंडात गुलाबी अळी किती आहे, हे बाहेरून दिसत नाही. अळी बोंडात शिरली की छिद्र बुजतं आणि बोंड हिरवंगार राहतं. खरी स्थिती झाकलेली, हाती फक्त खुणा. या जातीच्या प्रश्नांना अंशतः दिसणाऱ्या मार्कोव्ह निर्णयप्रक्रिया, पीओएमडीपी म्हणतात. मूळ गणित ऑस्ट्रमने १९६५ मध्ये मांडलं, स्मॉलवूड आणि सॉंडिक यांनी १९७३ मध्ये ते सोडवायची रीत दिली, आणि केलब्लिंग, लिटमन व कॅसॅंड्रा यांच्या १९९८ च्या लेखानंतर ते कृत्रिम बुद्धिमत्तेत रुळलं.

युक्ती अशी की स्थिती माहीत नसली तरी स्थितीबद्दलचा अंदाज एका आकड्यात धरता येतो. समजा वावरात अळी जास्त असण्याची शक्यता ३० टक्के वाटते. ही ३० टक्के म्हणजेच आता आपली स्थिती. एका फवारणीचा खर्च १,२०० धरू. अळी जास्त असून फवारलं नाही तर नुकसान ६,०००; फवारलं तरी २,००० जातातच, कारण बोंडाच्या आत औषध पोचत नाही. शक्यता 'श' असेल तर न फवारण्याचा तोटा ६,००० × श, फवारण्याचा १,२०० + २,००० × श. कागदावर या दोन सरळ रेषा येतात आणि त्या नेमक्या ०.३ वर एकमेकींना छेदतात. म्हणजे ३० टक्क्यांवर दोन्हीकडे १,८०० चाच तोटा, नाणं उडवा.

पण तिसरी कृतीही आहे: आधी बघणं. एकरातून फिरत २० झाडांची प्रत्येकी एक अर्धवट पक्व हिरवी बोंडं तोडायची, उकलायची, आत अळी किंवा तिची खूण मोजायची. २० पैकी दोनमध्ये सापडली तर १० टक्क्यांची आर्थिक नुकसानीची पातळी गाठली, असा सल्ला असतो. हे निरीक्षण किती विश्वासाचं? जास्त अळीच्या वावरात १५ टक्के बोंडं किडलेली आणि कमी अळीच्या वावरात ३ टक्के धरली, तर दोन किंवा जास्त सापडण्याची शक्यता पहिल्यात ८२ टक्के, दुसऱ्यात १२ टक्के येते. बेजच्या नियमाने, म्हणजे नव्या खुणेवरून जुना अंदाज सुधारायच्या रीतीने, ३० टक्क्यांचा अंदाज दोन सापडल्यावर सुमारे ७५ वर जातो, न सापडल्यास ८ वर उतरतो. पहिल्यात फवारा, दुसऱ्यात पंप टांगून ठेवा. असं वागलं तर सरासरी तोटा १,८०० वरून साधारण १,२१० वर येतो. वीस बोंडं आणि अर्धा तास यांची किंमत ५९० रुपये. मजुरीत एवढा दर कुठे मिळतो!

मादीच्या गंधाने पतंग ओढणारे कामगंध सापळे हे दुसरं निरीक्षण. हेक्टरी पाच, आणि सलग तीन दिवस रोज सापळ्यामागे आठ पतंग आले की धोक्याची पातळी. सापळ्यात फक्त नर येतात आणि ते शेजारच्या वावरातूनही येतात, म्हणून तो गावाचा अंदाज जास्त देतो, आपल्या एकराचा कमी. डोमकळ्या, म्हणजे अळीमुळे न उमलता मिटून राहिलेली फुलं, मोजणं हे तिसरं. तिन्ही खुणा एकामागोमाग त्याच नियमात घालता येतात, पण एका अटीवर, आणि सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात. नियमाने गुणाकार करताना खुणा एकमेकींपासून स्वतंत्र असल्याचं धरलेलं असतं. वीसही बोंडं धुऱ्याजवळच्या दोन ओळींतून तोडली तर ती खरं म्हणजे दोन-तीन बोंडांइतकीच माहिती देतात, आणि यंत्र मात्र ९० टक्के खात्रीने बोलू लागतं. संगणकावर हा दोष दिसत नाही. वावरात नागमोडी चालत जाऊन बोंडं तोडणं एवढाच त्यावर उपाय.

गणिताची दुसरी अडचण आकाराची. वर दोन रेषा होत्या. पुढच्या प्रत्येक टप्प्याला त्यांची संख्या उड्या मारते. कृती तीन आणि प्रत्येक वेळी दोन प्रकारची खूण दिसू शकते असं धरलं तर एका टप्प्याला ३ रेषा, दोनला २७, तीनला २,१८७ आणि चारला १,४३,४८,९०७. बहुतेक निरुपयोगी असतात आणि छाटता येतात, पण छाटणंही फुकट नाही. पापादिमित्रिऊ आणि त्सित्सिक्लिस यांनी १९८७ मध्ये दाखवलं की मर्यादित टप्प्यांचा प्रश्नसुद्धा पीस्पेस वर्गाइतका, म्हणजे झटपट सुटण्याची आशा नसलेल्या प्रश्नांइतका, अवघड आहे. अमर्याद टप्प्यांचा तर सर्वसाधारणपणे सुटतच नाही, हे १९९९ मध्ये सिद्ध झालं. म्हणून व्यवहारात जवळपासचं उत्तर घेतात. पीबीव्हीआय (२००३) आणि सारसॉप (२००८) या पद्धती सगळ्या शक्य अंदाजांऐवजी प्रत्यक्षात गाठता येतील असे निवडक अंदाजच धरतात. पीओएमसीपी (२०१०) ही पद्धत तर आकडेमोड सोडून हजारो खोटे हंगाम खेळून पाहते आणि निर्णयांची कुठली फांदी बरी निघाली ते मोजते.

खोटे हंगाम खेळणाऱ्या पद्धतींत दोन ठेचा हमखास लागतात. पहिली: २००६ च्या यूसीटी पद्धतीत नवी फांदी किती धुंडाळायची हे एका स्थिरांकाने ठरतं, आणि नमुना प्रोग्रॅममध्ये तो बहुधा १.४ असतो. तो नफा शून्य ते एक या मापात असेल तर ठीक. रुपये जसेच्या तसे, २०,००० च्या मापात घातले तर १.४ म्हणजे काहीच नाही. पहिल्या चार खेळांत जी फांदी बरी दिसली तिलाच यंत्र चिकटून बसतं. नफा आधी शून्य-एकमध्ये आणा, किंवा स्थिरांक त्या मापाचा करा. दुसरी ठेच: अंदाज मूठभर नमुन्यांनी धरलेला असतो. वावरात नमुन्यातल्या कुठल्याच हंगामात नव्हतं असं काही दिसलं, समजा ऑगस्टमध्येच डोमकळ्या, तर सगळे नमुने एकदम बाद होतात आणि यंत्राकडे अंदाजच उरत नाही. कुठल्याही शक्यतेला शून्य देऊ नये, ०.०१ तरी द्यावा, आणि दर फेरीला थोडे नवे नमुने मिसळावेत.

सवलतीचा गुणक, म्हणजे पुढच्या टप्प्यावरचा रुपया आज कितीचा धरायचा तो आकडा, हाही असाच डोळे झाकून वापरला जातो. पुस्तकी उदाहरणांत तो ०.९५ असतो, आणि नवशिके आठवड्याच्या टप्प्याला तोच लावतात. पंचवीस आठवड्यांनी ०.९५ चे उरतात ०.२८ च्या आसपास. जूनमध्ये बसून दिवाळीनंतर येणारे कापसाचे २०,००० यंत्राला ५,५०० दिसतात, आजचा खर्च मात्र पूर्ण दिसतो. मग यंत्र सांगतं, काहीच पेरू नका. एका हंगामाचा प्रश्न असेल तर टप्पे मोजून घ्या आणि गुणक १ ठेवा.

हवामानाच्या अंदाजाचंही तसंच. मंगळवारी आणि शुक्रवारी येणाऱ्या कृषी हवामान पत्रिकेत पुढच्या पाच दिवसांचा अंदाज असतो. ती एक खूण आहे, पाऊस नव्हे. ०.६ च्या जागी तो सरळ बसवण्याआधी जुन्या नोंदी काढाव्या लागतात: पाऊस येईल म्हटलं तेव्हा आपल्या मंडळात किती वेळा आला, आणि आला तेव्हा किती वेळा आधी सांगितलं होतं. जिल्ह्याचा पाऊस आणि आपल्या शिवाराचा पाऊस वेगळा असतो हे विदर्भात कुणाला सांगायला नको. नाल्याच्या त्या बाजूला झडी आणि या बाजूला धूळ, असं दरसाल होतं.

सरासरीचा प्रश्न याहून गंभीर. चौथ्या आठवड्यात यंत्र ६,७०० विरुद्ध ६,००० म्हणून पेरायला सांगतं. पण त्या ६,७०० मध्ये ४५ टक्के शक्यता १,००० च्या तोट्याची दडलेली आहे. पीककर्ज थकलेल्या घरात ७०० रुपयांच्या सरासरी फायद्यासाठी हा जुगार कुणी खेळू नये. अशा वेळी सगळ्यात वाईट निकालांची सरासरी वाढवणारं धोरण काढतात, किंवा हाती उरलेली रक्कम स्थितीतच घालतात. दुसऱ्या वाटेने तक्ता मोठा होतो, पण उत्तर माणसासारखं येतं.

शेवटी तो ०.५५. गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून जी उगवणशक्ती काढतो ती बियाण्याची असते. वरवरच्या ओलीत पेरणी साधेल का हा आकडा बियाणं, जमीन आणि पुढची उघाड मिळून बनतो. गावात वीस वर्षांच्या नोंदी असल्या तरी ०.५५ च्या आजूबाजूला ०.३३ ते ०.७७ एवढा पट्टा राहतो. म्हणून आकडा नेमका काढण्यात जीव घालण्यापेक्षा कुठल्या आकड्याला निर्णय पलटतो ते काढावं. बाकी सगळं तसंच ठेवून साधण्याची शक्यता वरखाली केली तर वरवरच्या ओलीवर पेरण्यासाठी पहिल्या आठवड्यात ती किमान ७२ टक्के लागते, दुसऱ्यात सुमारे ६४, तिसऱ्यात ६१, चौथ्यात ५०. भारी काळी जमीन, नुकती झडी लागण्याची चिन्हं आणि घरचं ताजं बियाणं असेल तर तिसऱ्या आठवड्यात ६१ च्या वर आहोत की खाली, एवढंच ठरवायचं राहतं; बरड रानात पहिल्या आठवड्यात ७२ चा प्रश्नच येत नाही.